राक्षस शरण का येतो? कथानकाची रचना आणि पात्राचा हेतू

पटकथालेखन शिकू पाहणाऱ्याच्या हाती सहसा सर्वात आधी एक मोजपट्टी येते. अमेरिकी लेखक सिड फील्ड यांच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे जगभर पसरलेली ही मोजपट्टी सांगते की, पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट. म्हणून दोन तासांच्या चित्रपटाची पटकथा १२० पानांची. त्यातली पहिली ३० पाने मांडणीची, मधली ६० संघर्षाची आणि शेवटची ३० उकलीची. आणि एका भागातून दुसऱ्या भागात शिरताना कथेची दिशा बदलणारी एकेक घटना हवी. ही मोजपट्टी चुकीची नाही. परंतु नवा लेखक तिच्याकडे रिकाम्या खणांचे कपाट म्हणून पाहतो आणि खण भरत सुटतो. तिसाव्या पानाच्या आसपास वळण हवे म्हणून अपघात होतो, मध्यावर धक्का हवा म्हणून हरवलेला भाऊ सापडतो, शेवटी उकल हवी म्हणून खलनायकाला उपरती होते. घटना सगळ्या असतात आणि जागच्या जागी असतात. तरीही वाचणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न उरतो की हा माणूस असे का वागतो आहे.

या प्रश्नाचे उत्तर मोजपट्टीत मिळत नाही, कारण रचना आणि हेतू ही दोन वेगवेगळी कामे आहेत असे गृहीत धरूनच आपण तिच्याकडे गेलेलो असतो. आपल्या परंपरेतील नाट्यविचाराने तसे गृहीत धरलेले नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात कथानकाच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. यांतील एकही नाव पानांच्या संख्येचे किंवा घटनेच्या प्रकाराचे नाही. पाचही नावे एका माणसाच्या आणि त्याला हव्या असलेल्या फळाच्या नात्याची आहेत. म्हणजे कथा कुठवर आली हे घटना मोजून कळत नाही. हवे असलेले मिळवण्याच्या वाटेवर पात्र आता कुठे उभे आहे, ते पाहून कळते.

एक साधी गोष्ट घेऊन या अवस्था पाहता येतील. वडिलांची गहाण पडलेली जमीन सोडवायची असे एका मुलीने ठरवले. केवळ ओढ जागी झाली आहे, हातून अजून काही घडलेले नाही, तोवर आरंभ. ती शहरात नोकरी धरते, पैसे साठवते, कागद शोधते, पण फळ दृष्टिपथातही नाही, हा प्रयत्न. सावकाराचा एक जुना कागद हाती लागतो आणि जमीन सुटू शकेल असे वाटू लागते, पण त्याच कागदामुळे सख्खा काका अडचणीत येणार असतो. उपाय आणि अपाय एकत्रच समोर येतात, ही प्राप्त्याशा. काकाचा अडथळा दूर होतो आणि आता फळ मिळणार हे पक्के होते, ही नियताप्ती. जमीन नावावर होते, तो फलागम. आता या गोष्टीतून मुलीची इच्छा काढून टाकली, तर नोकरी, कागद, काका, निकाल या चार घटना शिल्लक राहतात, पण त्यांचा क्रम कशाने लागला हे सांगता येत नाही.

या अवस्थांना समांतर असे पाच संधी, म्हणजे कथानकाचे सांधे, हेही सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, अवमर्श आणि निर्वहण. त्यांतील मधल्या दोहोंकडे पटकथाकाराने बारकाईने पाहावे. गर्भसंधीत बीज, म्हणजे आरंभी पेरलेले फळाचे मूळ, दिसते, हरवते आणि पुन्हा शोधले जाते. मिळाले असे वाटून हातून निसटण्याचा हा खेळ आहे, आणि आपल्याकडच्या चित्रपटांत मध्यंतराच्या आधीचा प्रसंग जेव्हा खरोखर जमतो तेव्हा तो बहुधा याच जातीचा असतो. अवमर्शात फळाकडे जाणारी वाट अडते. ती कशाने अडते? दहाव्या शतकात माळव्याच्या मुंज राजाच्या आश्रयाने धनंजयाने लिहिलेल्या दशरूपकात याची कारणे दिली आहेत: क्रोध, संकट किंवा विलोभन. तिन्हींपैकी दोन कारणे सरळसरळ मनातली आहेत. कथेतला सर्वात मोठा अडसर बाहेरून आणून ठेवण्याआधी तो माणसांच्या मनात सापडतो का ते पाहावे, हा धडा त्यातून घेता येतो.

ग्रीक परंपरेत ॲरिस्टॉटलने कथानकाला पात्रापेक्षा वरचे स्थान दिले. कथानक हा शोकांतिकेचा आत्मा आहे, असे तो म्हणतो. याचा अर्थ त्याला पात्राच्या मनाशी देणेघेणे नव्हते असा घेतला जातो, तो मला पटत नाही. त्याच्या लेखी कथानक म्हणजे कृतींची बांधणी, आणि माणसाचा स्वभाव उघडा पडतो तो त्याच्या निवडीतून. निवडीवाचून कृती नाही आणि हेतूवाचून निवड नाही. म्हणूनच कथेची उकल कथेतूनच निघाली पाहिजे, यंत्राने वरून खाली उतरवलेल्या देवाने ती करू नये, असा त्याचा आग्रह होता. असा देव आला की पात्राची निवडच रद्द होते.

हेतू बदलला की कथानक कसे बदलते, याचे मोठे उदाहरण शकुंतलेच्या कथेत आहे. महाभारताच्या आदिपर्वात शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते तेव्हा दुष्यंताला सगळे आठवत असते. केवळ तिच्या शब्दावर मुलाला स्वीकारले तर लोक शंका घेतील या भीतीने तो ओळख नाकारतो, आणि आकाशवाणी झाल्यावर तिला मान्य करतो. कालिदासाने हा हेतूच काढून टाकला. त्याने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली; राजा नाकारतो ते लोकापवादाला भिऊन नव्हे, तर खरोखर विसरला आहे म्हणून. एवढ्या एका बदलाने पुढचे सगळे हलले. लबाड राजाला खोटे पाडायला आकाशवाणी पुरेशी होती. विसरलेल्या राजाला मात्र आठवण, पश्चात्ताप आणि दीर्घ विरह यांतून जावे लागते. शापही आभाळातून पडत नाही. पतीच्या विचारात हरवलेल्या शकुंतलेला दारात आलेल्या ऋषीची हाक ऐकू येत नाही, म्हणून तो शाप देतो. ज्या प्रेमाने कथा सुरू झाली त्याच प्रेमाने ती अडते. पुढे कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडते हा योगायोग आहे खरा, पण तो प्रश्न सोडवत नाही. तो राजाला आठवण देतो, आणि तेव्हा शकुंतला निघून गेलेली असते. योगायोगाने पात्राचे दुःख वाढत असेल तर प्रेक्षक तो आनंदाने स्वीकारतात. योगायोग पात्राची सुटका करू लागला की मात्र त्यांना फसवल्यासारखे वाटते.

परंतु हेतू आणि रचना एकमेकांत किती घट्ट विणता येतात हे पाहायचे असेल, तर विशाखदत्ताचे मुद्राराक्षस हे संस्कृत नाटक वाचावे. सात अंकांच्या या नाटकात प्रेमकथा नाही, रंगमंचावर युद्धही नाही. नंदवंशाचा नाश झाला आहे, चंद्रगुप्त मौर्य पाटलिपुत्राच्या सिंहासनावर बसला आहे, आणि नंदांचा स्वामिनिष्ठ अमात्य राक्षस शहराबाहेर पडून मलयकेतू नावाच्या तरुण युवराजाच्या साहाय्याने चढाईची तयारी करतो आहे. चाणक्याला काय हवे आहे? राक्षसाचा मृत्यू नको. त्याला राक्षस चंद्रगुप्ताचा अमात्य म्हणून हवा आहे. स्वामी मेल्यावर, काही मिळण्याची आशा उरलेली नसतानाही जो त्याच्यासाठी झगडतो, तसा माणूस राज्याला दुसरा मिळणार नाही, हे चाणक्याने ओळखले आहे.

या इच्छेने नाटकाची अडचण किती नेमकी केली ते पाहा. राक्षसाला मारले तर चाणक्य हरला. तो विकत मिळत नाही, कारण विकत मिळाला असता तर तो हवासाच वाटला नसता. धमकीने तो येणार नाही, कारण त्याला जिवाची पर्वा नाही. ज्या गुणासाठी राक्षस हवा आहे, तोच गुण त्याला मिळवू देत नाही. अडथळा म्हणतात तो असा असावा. वाटेत दरड कोसळणे किंवा गाडी चुकणे हेही अडथळेच, पण ते कोणत्याही कथेत चालतात. हा अडथळा केवळ या दोन माणसांच्या दरम्यानच उभा राहू शकतो.

राक्षसाच्या मनाचे तीन थर वेगळे काढले तर चाणक्याचा डाव समजतो, आणि लेखकालाही आपल्या पात्रांचे असे तीन थर वेगळे मांडून पाहता येतात. राक्षसाचे लक्ष्य आहे चंद्रगुप्ताचा पाडाव. त्यामागचा हेतू आहे नंदांवरची निष्ठा. आणि त्याचा स्वभाव आहे मित्रांवर विसंबण्याचा, उपकार लगेच फेडण्याचा, हात सैल सोडून देण्याचा. लक्ष्य उघड असते, म्हणून त्याच्याशी लढता येते. हेतू खोल असतो आणि सहज बदलत नाही. स्वभाव मात्र रोजच्या लहानसहान कृतींतून नकळत बाहेर पडत राहतो. चाणक्य राक्षसाचा हेतू बदलण्याच्या फंदात पडतच नाही. तो राक्षसाच्या स्वभावातूनच जाळे विणतो.

जाळ्याचा पहिला धागा योगायोगाने मिळतो. राक्षसाने आपली बायको आणि मुलगा पाटलिपुत्रातील रत्नपारखी चंदनदास याच्या घरी लपवले आहेत. चाणक्याचा हेर यमपट, म्हणजे यमाचे चित्रपट, दाखवणाऱ्या भिक्षेकऱ्याच्या वेषात तिथे पोहोचतो. पाच वर्षांचे मूल कुतूहलाने दारात धावते, त्याला आत ओढण्यासाठी एका बाईचा हात बाहेर येतो, आणि त्या हातातली अंगठी निसटून हेराच्या पायाशी येते. ती राक्षसाची मुद्रा असते. पुरुषाच्या बोटाच्या मापाची, म्हणून बाईच्या बोटात सैल. हा योगायोगच, पण त्यातही मुलाचे कुतूहल आहे, आईची भीती आहे आणि नवऱ्याने निघताना दिलेली मोठी अंगठी आहे. शिवाय हेर तिथे आला तो चाणक्य शोधात होता म्हणून. कथेच्या प्रारंभी योगायोग वापरायचा तर तो इतका माणसाळलेला असावा.

चाणक्य मग चंदनदासाला बोलावून धमकावतो. राक्षसाचे कुटुंब माझ्या घरी नाही, आणि असते तरी मी दिले नसते, असे तो व्यापारी सांगतो आणि तुरुंगात जातो. प्रथमदर्शनी हा चाणक्याचा पराभव आहे. तो मात्र आतून आनंदतो. राक्षसाच्या संकटात हा जसा स्वतःचा प्राण नकोसा असल्यासारखा टाकायला तयार आहे, तसाच याच्या संकटात राक्षसालाही स्वतःचा प्राण प्रिय वाटणार नाही, असे तो मनाशी म्हणतो. सातव्या अंकाचा शेवट पहिल्या अंकातील या वाक्यात पेरलेला आहे. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बीज म्हणतात ते हेच: आरंभी किंचित दिसणारे आणि पुढे अनेक अंगांनी पसरणारे. आणि हे बीज म्हणजे एखादी वस्तू किंवा रहस्य नव्हे, तर एका माणसाच्या हेतूवरून दुसऱ्याच्या हेतूचा बांधलेला अंदाज आहे.

पुढची साखळी मला या नाटकातील सर्वात देखणी वाटते, म्हणून ती जरा तपशिलाने सांगतो. चाणक्य राक्षसाचा मित्र शकटदास याच्या हस्ताक्षरात, त्याला पत्ता लागू न देता, एक पत्र लिहवून घेतो आणि त्यावर ती मुद्रा उठवतो. मग शकटदासाला सुळावर देण्याची आज्ञा होते, आणि सिद्धार्थक नावाचा चाणक्याचाच माणूस त्याला वधस्थानावरून सोडवून राक्षसाकडे घेऊन जातो. मित्राचा जीव वाचवणाऱ्याला काय द्यावे? मलयकेतूने स्वतःच्या अंगावरचे अलंकार राक्षसाला नुकतेच पाठवलेले असतात. तेच तो काढून सिद्धार्थकाला देतो. आता राक्षसाचे अंग पुन्हा उघडे. तेवढ्यात विकायला आलेले काही अलंकार तो घेऊन ठेवायला सांगतो. पाचव्या अंकात मलयकेतूचे बोलावणे येते, तेव्हा ज्याने अलंकार दिले त्याच्यासमोर अलंकाराविना जाणे बरे नव्हे, म्हणून राक्षस विकत घेतलेल्यांपैकी एक अंगावर घालतो. तो अलंकार मलयकेतूच्या मृत पित्याचा, पर्वतकाचा असतो. ते अलंकार विकायला पाठवलेले असतात चाणक्यानेच. तिकडे सिद्धार्थक पत्रासह आणि मलयकेतूने दिलेल्या अलंकारांसह पकडला गेलेला असतो. मित्राचे हस्ताक्षर, स्वतःची मुद्रा, युवराजाचे दागिने आणि अंगावर मृत राजाचा अलंकार: राक्षसाने एकही अपराध केलेला नाही आणि त्याच्याविरुद्ध एवढा पुरावा उभा आहे. हा प्रत्येक पुरावा त्याच्या चांगुलपणातून निघाला आहे. विश्वास, कृतज्ञता, औदार्य, शिष्टाचार. यांपैकी एक जरी गुण त्याच्यात कमी असता तर साखळी तुटली असती.

पटकथेच्या भाषेत दोन प्रसंगांच्या मध्ये ‘आणि मग’ ऐवजी ‘म्हणून’ बसते का, हे तपासण्याची एक रीत आहे. वरच्या साखळीत ते प्रत्येक ठिकाणी बसते. मित्र वाचला म्हणून दागिने दिले, दागिने दिले म्हणून अंग उघडे राहिले, अंग उघडे म्हणून नवे घातले. परंतु नुसते ‘म्हणून’ पुरेसे नाही हेही इथेच कळते. पाऊस पडला म्हणून रस्ता बंद झाला, यातही ‘म्हणून’ आहेच. ‘म्हणून’च्या मागे माणसाचे मन असावे लागते.

आणखी एक गोष्ट विशाखदत्ताकडून शिकण्यासारखी आहे. एकच घटनाक्रम दोन पात्रांच्या अवस्थांनी मोजला तर दोन वेगळ्या कथा दिसतात. तिसऱ्या अंकात कौमुदी महोत्सवाच्या निमित्ताने चाणक्य आणि चंद्रगुप्त यांचे जाहीर भांडण होते. ते ठरवून केलेले आहे आणि प्रेक्षकाला ते ठाऊक आहे. गुरूच्याच आज्ञेने केलेला गुरूचा खोटा अपमानही चंद्रगुप्ताला असह्य होतो, हेही प्रेक्षकाने पाहिलेले आहे. ही बातमी चौथ्या अंकात राक्षसाकडे पोहोचते आणि त्याला वाटते, आता चंद्रगुप्त आपल्या मुठीत आला. राक्षस स्वतःच्या हिशेबाने प्राप्त्याशेत शिरला आहे. चाणक्याच्या हिशेबाने त्याच क्षणी फळ जवळजवळ पक्के झाले आहे. प्रेक्षकाला होणारी अस्वस्थता या दोन हिशेबांमधल्या अंतरातून येते. सगळे लपवून शेवटी उघड केले असते, तर क्षणाचे आश्चर्य मिळाले असते. आधी सांगितल्यामुळे अंकभर जीव टांगणीला लागतो.

त्याच अंकात मलयकेतू आडून राक्षसाचे बोलणे ऐकतो. राक्षस शत्रूच्या फुटीवर आनंदतो आहे, पण मलयकेतूच्या कानाशी असलेल्या भागुरायणाने, जो चाणक्याचाच माणूस आहे, त्याच्या मनात आधीच विष कालवले आहे की राक्षसाचे वैर चाणक्याशी आहे, चंद्रगुप्ताशी नाही. चाणक्य दूर झाला की तो चंद्रगुप्ताला जाऊन मिळेल. त्यामुळे तेच शब्द मलयकेतूला विश्वासघातासारखे ऐकू येतात. संवाद लिहिताना आपण बोलणाऱ्याच्या हेतूचा विचार करतो. ऐकणाऱ्याच्या हेतूचाही करावा लागतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा प्रसंग विरळा. मलयकेतू मूर्ख नाही. पित्याच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला, अनुभव नसलेला तरुण आहे, आणि अशा मनाला संशय पटकन खरा वाटतो. त्या संशयाच्या भरात तो आपल्याच बाजूच्या पाच राजांना ठार मारण्याची आज्ञा देतो आणि मोहीम कोसळते.

आता राक्षस एकटा पाटलिपुत्राच्या जुन्या उद्यानात येऊन पोहोचतो. इथे एखाद्या कमी ताकदीच्या लेखकाने त्याला थकून शरण यायला लावले असते. विशाखदत्त त्याच्यासमोर गळफास घ्यायला निघालेला एक माणूस आणतो. माझा मित्र अग्निप्रवेश करणार आहे, कारण त्याचा मित्र चंदनदास आज मारला जाणार आहे, असे तो सांगतो. हा माणूसही चाणक्याचाच. राक्षस तलवार उपसून चंदनदासाला सोडवायला निघतो, तेव्हा तो हात जोडून अडवतो: शकटदासाला वधस्थानावरून पळवले गेले आणि त्याचे मारेकरी त्यापायी जिवाला मुकले, तेव्हापासून मारेकरी कोणी शस्त्रधारी येताना दिसला की कैद्याला आधीच मारून टाकतात. पहिल्या अंकात ज्या सुटकेची आखणी झाली आणि ज्या सुटकेवर राक्षस इतका आनंदला, तिनेच त्याच्या हातातली तलवार निरुपयोगी केली. एकेक दार बंद होत आता एकच दार उघडे उरले आहे, आणि ते बंद करणे त्याच्या स्वभावात बसत नाही.

सातव्या अंकात चंदनदास बायको आणि मुलासह वधस्थानाकडे चालतो. राक्षस निःशस्त्र येऊन स्वतःला पुढे करतो. तो मरायला आला आहे, आणि मृत्यू मिळाला असता तर त्याला ते सोपेच होते. चाणक्य मात्र त्याला मरू देत नाही. चंदनदासाचा जीव हवा असेल तर अमात्यपदाचे शस्त्र हाती घ्या, एवढेच सांगतो. नंदांवरची निष्ठा आणि मित्रावरचे प्रेम, जी दोन्ही आजवर राक्षसात एकत्र नांदत होती, ती पहिल्यांदा समोरासमोर उभी राहतात. कोणीही आकाशातून उतरत नाही, कोणाचे मतपरिवर्तन होत नाही, राक्षसाचा स्वभाव पहिल्या अंकात होता तसाच आहे. माणसाला कोणतेही कार्य करायला लावणाऱ्या मित्रप्रेमाला नमस्कार असो, आता दुसरी गती नाही, असे म्हणून तो मान लववतो. आणि चाणक्य आपली प्रतिज्ञेची मोकळी शिखा बांधतो.